ताकद आणि कासरा

गेल्या महिन्यात मिस्सा आटोपल्यावर एका माऊलीने मला गाठले. तिच्या बोटांचे सांधे सुजतात, सकाळी तर मूठही वळत नाही. "फादर, डॉक्टर म्हणतात, तुमचे शरीरच तुमच्या सांध्यांवर उठले आहे. म्हणजे अंगातली ताकद कमी पडली ना? प्रतिकारशक्ती वाढवायचे टॉनिक आणलंय. आता गोळ्या बंद करू का?" अशी शंका धर्मग्रामात आणखीही काहींना असेल, म्हणून उत्तर येथे देतो.

या दुखण्यात ताकद कमी पडलेली नसते, कासरा ढिला झालेला असतो. बैल कितीही दांडगा असो, कासरा हातात नसेल तर तो उभे पीकच तुडवतो.

आपल्या रक्तातील पांढऱ्या पेशींत टी पेशी नावाची एक जात आहे. छातीच्या हाडामागे थायमस ही ग्रंथी असते, तेथे या पेशी तयार होतात. ज्या आपल्याच अंगावर धावून जातील त्यांतल्या बहुतेक तेथेच नष्ट केल्या जातात. तरी काही निसटतात. म्हणून निर्मात्याने पुढेही बंदोबस्त ठेवला आहे. टी पेशीने शत्रू ओळखला एवढ्याने भागत नाही, तिला शेजारच्या पेशीकडून दुसरा इशारा मिळावा लागतो. तो मिळाला की ती चेतते आणि एकीच्या हजारो होतात. पण चेतलेली पेशी स्वतःच आपल्या अंगावर सीटीएलए-४ नावाचे प्रथिन आणते आणि ते तो दुसरा इशाराच अडवून धरते. पीडी-१ हा आणखी एक कासरा. तो मुख्यतः प्रत्यक्ष लढाईच्या जागी, अवयवांत ओढला जातो.

हे नसते तर? १९९५ साली शास्त्रज्ञांनी सीटीएलए-४ नसलेले उंदीर तयार केले. त्यांच्या टी पेशी बेसुमार वाढून हृदयात, स्वादुपिंडात शिरल्या. तीन-चार आठवड्यांत उंदीर मेले.

कर्करोगाची गाठ लबाड असते, ती पीडी-१चा कासरा ओढून टी पेशींना गप्प बसवते. तो सैल करण्याची विद्या अमेरिकेचे जेम्स ॲलिसन आणि जपानचे तासुकू होंजो यांच्या शोधांतून आली. २०१८ साली दोघांना नोबेल मिळाले. त्या औषधांनी काही रोगी वर्षानुवर्षे जगले, सर्वांना मात्र गुण येत नाही. शिवाय कासरा सुटला की बैल आतडी, फुप्फुसे, थायरॉइड यांवरही जातो. घरात कोणी हे उपचार घेत असेल आणि जुलाब, धाप किंवा अंगावर पुरळ दिसले, तर दुकानातून गोळी आणून भागवू नका. त्याच दिवशी कर्करोगाच्या डॉक्टरांना कळवा. हा त्रास इंजेक्शनानंतर कित्येक महिन्यांनीही होऊ शकतो.

आता त्या माऊलीकडे वळू. तिच्या गोळ्या चवताळलेल्या पेशींना आवरतात. मनाने बंद केल्या तर सांधे झिजून कायमचे वाकडे होतील. या गोळ्या चालू असताना ताप आला तर मात्र अंगावर काढू नये. विशेष म्हणजे याच संधिवातावर एबाटासेप्ट नावाचे एक इंजेक्शन आहे, ते सीटीएलए-४च्याच तुकड्यापासून बनवले आहे! सर्वांना ते लागत नाही, आणि महागही आहे. टॉनिकची बाटली तिने अजून उघडलेली नाही. पुढच्या तपासणीला ती डॉक्टरांना दाखवायला घेऊन जा, असे मी तिला सांगितले आहे.