समजून घ्या : तुम्ही ‘न्यूरोटिपिकल’ आहात का? ऑटिस्टिक लोक बाकीच्यांना काय म्हणतात आणि का?

सोलापूर : नवी पेठेत जुना मित्र भेटतो. निघताना म्हणतो, ‘या की एकदा घरी.’ आपण ‘येतो की’ म्हणतो आणि गाडीला किक मारतो. कोणी जाणार नाही, कोणी वाट बघणार नाही, हे दोघांनाही ठाऊक असते. ऑटिस्टिक, म्हणजेच स्वमग्न, तरुणाला मात्र इथे प्रश्न पडू शकतो. बोलावले तर दिवस का नाही सांगितला? आणि बोलवायचे नव्हते तर म्हटले कशाला?

त्याच्या जागी उभे राहून पाहिले, तर विचित्र कोण वागले? ऑटिस्टिक लोकांनी हाच प्रश्न उलटा विचारला आणि बाकीच्यांना नावे दिली. ती नावे कोणती आणि त्यांचे शिक्के कसे झाले, ते पाहू.

नावाची गरज का पडली?

ग्रीक ‘ऑटोस’ म्हणजे स्वतः. त्यावरून ‘ऑटिझम’ हा शब्द आला आणि मराठीत ‘स्वमग्नता’. अमेरिकेतील डॉक्टर लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ११ मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले. तेव्हापासून लक्षणे, चाचण्या आणि नाव हे सगळे एकाच बाजूला राहिले. दुसऱ्या बाजूला फक्त ‘नॉर्मल’ हा शब्द होता. एकाला नॉर्मल म्हटले, की दुसरा आपोआप बिघडलेला ठरतो.

१९९२ मध्ये अमेरिकेत जिम सिंक्लेअर आणि इतर ऑटिस्टिक व्यक्तींनी ‘ऑटिझम नेटवर्क इंटरनॅशनल’ ही संघटना सुरू केली. ‘न्यूरोटिपिकल’, थोडक्यात ‘एनटी’, हा शब्द याच वर्तुळात रुळला. अर्थ साधा आहे : ज्यांच्या मेंदूची जडणघडण बहुसंख्य लोकांसारखी आहे, ते. म्हणजे ‘नॉर्मल’ हाही एक प्रकारच ठरला.

‘अलिस्टिक’ म्हणजे कोण?

हा शब्द २००३ मध्ये अँड्र्यू मेन यांनी एका उपरोधिक लेखात वापरला. ग्रीक ‘अलोस’ म्हणजे दुसरा. जो ऑटिस्टिक नाही, तो अलिस्टिक.

दोन्ही शब्दांत अनेकांची गल्लत होते. एखाद्याला एडीएचडी किंवा डिस्लेक्सिया असेल, पण ऑटिझम नसेल, तर तो अलिस्टिक आहे. मात्र न्यूरोटिपिकल नाही.

शिक्के कोणते?

१९९८ मध्ये इंटरनेटवर एक खोटी ‘संशोधन संस्था’ अवतरली. ती एका ऑटिस्टिक व्यक्तीनेच गमतीने उभी केली होती. न्यूरोटिपिकल असणे हा जणू आजार आहे, अशा डॉक्टरी भाषेत तिथे त्याची ‘लक्षणे’ दिली होती. आपल्यावरचे अहवाल असेच लिहिले जातात, हे दाखवणे हा हेतू होता. पण थट्टेतली वाक्ये पुढे काही जण खरी मानू लागले. नेहमी ऐकू येणारे शिक्के असे :

• हे लोक मनात एक ठेवून बोलतात दुसरेच.
• यांना शांतता सहन होत नाही. ‘काय, जेवण झालं का?’ असे उत्तर नको असलेले प्रश्न विचारतात.
• खरे काय यापेक्षा ‘लोक काय म्हणतील’ याची काळजी जास्त.
• डोळ्यांत डोळे घातले नाहीत, तर समोरचा खोटारडा समजतात.
• सगळे करतात म्हणून करतात.

वाचताना हसू येते, कारण थोडे पटते.

यात तथ्य किती?

१९८५ मध्ये सायमन बॅरन-कोहेन, अ‍ॅलन लेस्ली आणि उटा फ्रिथ यांनी बाहुल्यांचा एक प्रयोग केला. दुसऱ्याच्या मनात काय चालले आहे, हे २० पैकी १६ ऑटिस्टिक मुलांना ओळखता आले नाही. यातून पुढे ‘ऑटिस्टिक माणसाला दुसऱ्याचे मन कळत नाही’ हा समज पक्का झाला.

२०१२ मध्ये ब्रिटनमधील ऑटिस्टिक समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी ‘डबल एम्पथी प्रॉब्लेम’ मांडला. त्यांचे म्हणणे असे, की न कळणे दोन्ही बाजूंनी असते. सोलापूरकरांना हे सांगायला नको. इथे मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू एकाच गल्लीत ऐकू येते. तेलुगू बोलणाऱ्या आजींचे मराठी शेजारणीला कळले नाही, तर दोष कोणा एकीचा नसतो.

२०१७ मध्ये नोआ सॅसन आणि सहकाऱ्यांनी लोकांना ऑटिस्टिक व्यक्तींच्या काही सेकंदांच्या चित्रफिती दाखवल्या. तेवढ्यात लोकांचे मत प्रतिकूल झाले. तेच बोलणे फक्त लिहून वाचायला दिले, तेव्हा हा फरक उरला नाही. म्हणजे खटकले ते बोलणे नव्हते, बोलण्याची ढब होती.

२०२० मध्ये कॅथरीन क्रॉम्प्टन यांच्या चमूने ७२ जणांसोबत कानगोष्टींसारखा प्रयोग केला. फक्त ऑटिस्टिक लोकांच्या साखळीत गोष्ट बाकीच्यांइतकीच नीट पोहोचली. मिश्र साखळीत जास्त गळाली. २०२५ मध्ये ३११ जणांवर हाच प्रयोग झाला, तेव्हा मिश्र साखळीही मागे पडली नाही. म्हणजे ‘एनटीला आपले कधीच कळणार नाही’ हा शिक्काही टिकत नाही.

मग बिघडले कुठे?

‘न्यूरोटिपिकल’ हे वर्णन म्हणून उपयोगी आहे. ‘सगळे एनटी ढोंगी’ म्हटले, की तो शिक्का होतो. तो बऱ्याचदा पडतो सर्वात जवळच्या माणसावर : आई, भाऊ, वर्गमित्र. शिवाय सगळे ऑटिस्टिक लोकही एकसारखे नसतात. काही जण बोलत नाहीत, काहींना आयुष्यभर आधार लागतो. ‘आपण तर्काने चालतो, ते भावनेने’ ही वाटणी त्यांनाही बसत नाही.

पण दोन्ही बाजूंचे शिक्के सारखे भारी नाहीत. कोणी ‘एनटी’ म्हटल्याने आपली नोकरी जात नाही. ‘वेडा’ किंवा ‘माणूसघाणा’ म्हटलेल्या मुलाचा शाळाप्रवेश अडू शकतो, मुलाखत हातची जाऊ शकते. म्हणूनच दिव्यांग हक्क कायदा २०१६ मधील २१ दिव्यांगत्वांत ऑटिझम आहे. कलम ९२ नुसार दिव्यांग व्यक्तीचा चारचौघांत हेतुपुरस्सर अपमान केल्यास ६ महिने ते ५ वर्षे कैद आणि दंडाची तरतूद आहे.

आपण काय करू शकतो?

• मोघम बोलू नका. ‘बघू’ऐवजी ‘नाही’ किंवा ‘शुक्रवारी सांगतो’ म्हणा.
• नजर चुकवली म्हणून खोटे बोलतोय, असे समजू नका. मुलाखत घेत असाल, तर काही प्रश्न लेखी द्या.
• उत्तराला वेळ द्या. गप्प बसणे म्हणजे उद्धटपणा नव्हे.
• ‘आपण सगळेच थोडे ऑटिस्टिक असतो’ म्हणू नका. त्याने समोरच्याची अडचण छोटी होते.
• कोणी तुम्हाला ‘एनटी’ म्हटले, तर चिडण्याआधी विचारा : माझे काय खटकले?

आणि पुढच्या वेळी नवी पेठेत तो तरुण भेटला, तर ‘या की एकदा’ एवढेच म्हणू नका. ‘रविवारी पाच वाजता चहाला ये’ म्हणा. तो येईल. तुम्ही घरी असा म्हणजे झाले.