पनवेलची कललेली भूमि

खंडाळ्याचा घाट उतरतांना उघड्या कड्यांकडे पाहिलें, तर काळ्या पाषाणाचे थर पोथीचीं पानें रचावीं तसे एकावर एक सपाट पसरलेले दिसतात. हेच थर पनवेलच्या आसपास पश्चिमेकडे कलूं लागतात व मुंबईपर्यंत समुद्राच्या दिशेनें उतरत जातात. पोथीखालच्या चौरंगाचे एका बाजूचे पाय खचावे, तसा हा प्रकार आहे. भूस्तरशास्त्रज्ञ जे. बी. ऑडेन यांनीं १९४९ सालीं या वळणास पनवेलचें नांव दिलें व तेंच शास्त्रीय ग्रंथांत रूढ झालें. (सुप्रसिद्ध इंग्रज कवि ऑडेन यांचे हे वडील बंधु.)

हा पाषाण म्हणजे सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वीं भूगर्भांतून वाहिलेला लाव्हा. त्यानंतर कांहीं दशलक्ष वर्षांनीं सेशेल्स बेटांचा भूभाग हिंदुस्थानापासून तुटून दूर गेला. त्या ओढाताणींत आपला पश्चिम किनारा ताणला जाऊन खचला. थर नुसते वाकले, कीं मोठ्या भेगांवरून सरकतांना कलले, याविषयीं पंडितांत मतभेद आहे. आम्हांस भेगांचा पक्ष अधिक सयुक्तिक वाटतो. भेगेवरून खडक एकाएकीं सरकला म्हणजे भूकंप होतो. तेव्हां या पक्षानें पाहतां पनवेलच्या टेकड्यांत दिसणारा उतार हा, पाहावयास मनुष्यच नव्हता अशा काळच्या कित्येक धक्क्यांचा परिणाम होय. पालीस बल्लाळेश्वराच्या दर्शनास गेलेली मंडळी उन्हेऱ्याच्या कुंडांत स्नान करितात, तें पाणीहि भेगांतून खोल जाऊन, तेथें तापून वर आलेलें असतें.

तरी दख्खन अचल आहे, हा आपला पिढ्यान्‌पिढ्यांचा समज. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर उद्ध्वस्त झालें, तेव्हां शास्त्रज्ञांनीं धरणांत सांचलेल्या पाण्याकडे बोट दाखविलें. तें पाणी नसतें तर पठार स्वस्थच राहिलें असतें, असें समाधान पुष्कळांनीं करून घेतलें. पुढें ३० सप्टेंबर १९९३ रोजीं, गणेशविसर्जन आटोपून लोक झोंपले असतां, किल्लारीच्या परिसरांत सरकारी गणनेप्रमाणें सुमारें ८ हजार माणसें मेलीं. त्यानंतर शास्त्रज्ञ तेरणा नदीच्या कांठीं तेर येथें गेले. हेंच प्राचीन तगर. तेथील दरडींत मातीचे मोडलेले, विस्कटलेले थर त्यांस आढळले, व सुमारें १५०० वर्षांपूर्वीं त्या भागांत मोठा भूकंप झाला असावा, असें अनुमान त्यांनीं काढलें.

पनवेलीस आतां उंच उंच इमारती उठत आहेत आणि आमच्या वाचकांपैकीं पुष्कळ कुटुंबें तेथें बिऱ्हाडें नेत आहेत. घर पाहतांना दिशा, हवा, पाणी यांची चौकशी होते. खांब-तुळयांत लोखंड किती घातलें, भूकंपाचा हिशेब कोणी केला, हें विचारल्याचें आम्हीं अजून ऐकलें नाहीं. किल्लारीस दगावलेले बहुतेक जण दगडमातीच्या जाड भिंतींखालीं व धाब्याखालीं सांपडले होते.