होडी आपली, पाणी सरकारचं. मग काठ कुणाचा?

धरण भरलं की आपण सगळे सांडव्याकडे बघतो. किती दरवाजे उघडले, रब्बीला किती आवर्तनं मिळतील, पाट कधी सुटेल, एवढंच आपलं गणित. पण त्याच पाण्यावर आणखी एक संसार चालतो, तिकडे आपलं लक्ष सहसा जात नाही. अंजनी, गिरणा, बोरी, मन्याड, वाघूर, हतनूर, अनेर अशी कितीतरी धरणं आपल्या खान्देशात आहेत. त्यांच्या काठाला भोई, कोळी, भिल्ल समाजातली माणसं पहाटे जाळी घेऊन उतरतात. कुणाची लाकडी होडी, कुणाचा पत्र्याचा डोंगा, कुणाकडे तर नुसती ट्रकची ट्यूब किंवा थर्माकोलचा तराफा. मासेमारी झाली की ही होडी काठावरच्या बाभळीला दोरीने बांधायची आणि घरी जायचं.

वाचकहो, खरा वाद त्या दोरीपाशी सुरू होतो. होडी कुठे बांधायची? कुणाच्या परवानगीने? किती पैसे भरून? आणि पाणी खाली गेलं तर काय?

२०२५ च्या एप्रिलमध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. तेव्हा हा विषय आता "त्यांचा" राहिलेला नाही, शेतीच्या पानावरचाच झाला आहे.

मरिनात जे भांडण, तेच काठावर

परदेशात हौशी लोकांच्या नावा ठेवायला मरिना असतात. मरिना म्हणजे नावांचा तळच म्हणा ना. नावेच्या लांबीप्रमाणे, फुटावर भाडं. वीज, पाणी, पहारा याचे पैसे बहुधा वेगळे. तिथेही नावमालक आणि व्यवस्थापन यांची भांडणं होतात. मध्येच भाडं वाढवलं, वादळात नाव फुटली तर भरपाई कोण देणार, जागा रिकामी करायला किती दिवसांची मुदत, थकबाकीपोटी नाव अडवून ठेवता येते का, असे ते वाद असतात.

आपल्या धरणाच्या काठावर उभं राहून ही यादी पुन्हा वाचा. एकही प्रश्न परका वाटत नाही. फरक एवढाच की तिथे भांडण कागदावरच्या कलमावरून होतं आणि आपल्याकडे कागदच नसतो. सगळी बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात.

पाण्याला एक मालक नाही

आधी हे समजून घ्या की धरणाच्या पाण्यावर एकाच खात्याची सत्ता नसते. धरण, पाणी आणि बुडीत जमीन ही जलसंपदा विभागाच्या ताब्यात. आपल्याकडचे बरेच प्रकल्प जळगावच्या तापी पाटबंधारे विकास महामंडळाकडे आहेत. मासेमारीचा ठेका बघतं मत्स्यव्यवसाय खातं. ठेका घेते मच्छीमार सहकारी संस्था, आणि ती पुढे आली नाही तर दुसरा कुणी ठेकेदार. प्रत्यक्ष होडी असते सभासदाची.

म्हणजे होडीवाल्याच्या डोक्यावर तीन पायऱ्या झाल्या. त्याचा व्यवहार खालच्या पायरीशी, म्हणजे संस्थेच्या सचिवाशी किंवा ठेकेदाराच्या माणसाशी. वरच्या दोन पायऱ्यांवर काय ठरलंय, हे त्याने कधी पाहिलेलं नसतं. ठेक्याच्या करारात काय अटी आहेत ते सभासदाला सांगणं, हे संस्थेचं पहिलं काम. होतं मात्र नेमकं उलटं. "तुला काय करायचंय कागदाशी? तू मासे धर," असं म्हणून विषय मिटवला जातो.

काठ सरकतो तेव्हा

समुद्राच्या धक्क्याची एक सोय असते. ओहोटी लागली तरी काही तासांनी भरती येतेच. आपल्या धरणात ओहोटी लागते दिवाळीनंतर आणि भरती येते ती पुढच्या पावसाळ्यात, आली तर. ऑक्टोबरात जिथे होडी बांधली होती ती जागा मे महिन्यात भेगाळलेलं रान झालेली असते. पाणी लांब सरकलेलं, मध्ये गुडघाभर गाळ. होडी ओढत न्यायची तरी कुठून?

इथेच दुसरा माणूस उभा असतो, तो म्हणजे गाळपेर करणारा शेतकरी. पाणी हटल्यावर उघड्या पडलेल्या बुडीत जमिनीवर हरभरा, टरबूज, काकडी, चारा घेतला जातो. ही जमीन जलसंपदा विभाग हंगामापुरती देतो आणि धरणग्रस्तांना त्यात प्राधान्य असतं. २०१८ साली राज्यात १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, तेव्हा चाऱ्यासाठी अशी जमीन नाममात्र भाड्याने देण्याचं धोरण सरकारने घेतलं होतं. ज्याची जमीन धरणात गेली त्याला तेवढाच आधार.

आता होडीवाल्याला पाण्यापर्यंत जायचं तर वाट याच वावरातून. वेल तुडवले म्हणून शेतकरी चिडतो, वाट अडवली म्हणून होडीवाला चिडतो. तिसरीकडे पाणी उपसणाऱ्या मोटारींचे पाइप पाण्यात पसरलेले. त्यात तंगूसाचं जाळं अडकून फाटतं, नाहीतर फुटबॉलमध्ये जाळ्याचा तुकडा अडकून मोटार बंद पडते. दोघेही बरोबर असतात. चूक असते ती त्यांना परवानगी देणाऱ्या कागदांची, कारण एका कागदात दुसऱ्याचा उल्लेखच नसतो.

माझ्या शेतकरी बंधूंना इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. सायपरमेथ्रिनसारखी सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशकं माशांना फार विषारी असतात. गाळपेरीवर फवारणी केली आणि पंप, बादल्या धरणाच्या पाण्यातच धुतल्या, तर काठालगतची पिल्लं मरतात. पंप पाण्यापासून लांब, रानात धुवा. पाण्यात राहून माशाशी वैर कशाला?

पैसे भरले, पण कुणाला?

पावती कुणाची हा प्रश्न क्षुल्लक वाटतो. तसा तो नाही. मुंबईत कुलाब्याला ससून डॉक आहे, १८७५ सालचं. आज ते मासळीचं मोठं बंदर. जागा मुंबई बंदर प्राधिकरणाची, आणि मच्छीमारांना गोदामं मिळाली ती महाराष्ट्र मत्स्योद्योग विकास महामंडळाकडून. २०२५ साली थकीत भाड्यावरून या दोन संस्थांमधला वाद पेटला आणि जागा खाली करण्याची पाळी मच्छीमारांवर आली. मच्छीमारांचं म्हणणं असं होतं की आम्ही आमचं भाडं महामंडळाकडे भरलेलं आहे, मग शिक्षा आम्हाला का?

ससून डॉकसारख्या ठिकाणी, संघटना आणि वकील हाताशी असताना ही गत होत असेल, तर आडगावच्या काठावर एका होडीवाल्याचं काय होईल? तुम्ही संस्थेला वर्गणी दिली, संस्थेने ठेक्याची रक्कम खात्याला भरलीच नाही आणि ठेका रद्द झाला, तर तुमची होडी पाण्यावर राहील का? म्हणून दरवर्षी सर्वसाधारण सभेत सभासदाने एक प्रश्न विचारायचाच: "यंदाच्या ठेक्याचं चलन दाखवा." यात सचिवाचा अपमान नाही. सभासदाचा तो हक्क आहे.

"मालकाच्या जबाबदारीवर"

सायकल स्टँडपासून गोदामापर्यंत ही पाटी आपण सगळीकडे वाचतो. होडीच्या काठावर पाटी नसते, पण उत्तर तेच मिळतं: "तुमची होडी, तुम्ही बघा."

कायदा काय म्हणतो? जागा नुसती वापरायला देणं वेगळं आणि वस्तू सांभाळायला ताब्यात घेणं वेगळं. नुसत्या जागेचे पैसे घेतले असतील तर सांभाळण्याची जबाबदारी सहसा येत नाही. पण वस्तू ताब्यात घेतली, राखणीचे पैसे घेतले, तर १८७२ च्या भारतीय करार कायद्याप्रमाणे शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची जेवढी काळजी घेईल तेवढी घ्यावी लागते. १४ नोव्हेंबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या एका प्रकरणात निकाल दिला. हॉटेलच्या माणसाने किल्ली घेऊन उभी केलेली गाडी चोरीला गेली होती. न्यायालयाने सांगितलं की "मालकाच्या जबाबदारीवर" असं छापलं म्हणून निष्काळजीपणा माफ होत नाही. म्हणून पावतीवर "जागाभाडे" लिहिलंय की "राखण", हे नीट वाचून घ्या. दोन शब्दांत फार अंतर आहे.

दुसरी गोष्ट होडी-जाळी जप्त करण्याची. जुन्या थकबाकीपोटी जाळं उचलून नेण्याचे प्रकार होतात. याच करार कायद्याच्या १७१ व्या कलमात, हिशेबाच्या एकूण बाकीसाठी ताब्यातला माल अडवून ठेवण्याचा हक्क मोजक्याच लोकांना दिलाय: बँकर, आडत्या, धक्क्याचा चालक, उच्च न्यायालयाचे वकील आणि विमा दलाल. बाकीच्यांना तसा स्पष्ट करार असेल तरच हा हक्क मिळतो. म्हणजे ठेकेदाराच्या माणसाने मनात आलं म्हणून होडी ओढून नेणं या कलमात बसत नाही. आडत्याचं नाव मात्र यादीत आहे, हे शेतकऱ्यांनीही ध्यानात ठेवावं.

मुदत संपते, मासे तिथेच राहतात

तळ्याचा ठेका साधारण पाच वर्षांचा असतो. पावसाळ्यात कटला, रोहू, मृगळची बोटुकली सोडायची आणि ती विक्रीजोगी व्हायला वर्षभर तरी थांबायचं. आता सांगा, पाचव्या वर्षी पदरचे पैसे घालून बोटुकली कोण सोडेल? पुढचा ठेका आपल्याला मिळेल याची खात्री नसेल तर कुणीच नाही. उलट जाता जाता बारीक जाळ्याने पिल्लंसुद्धा काढून घेतली जातात. मग नवा ठेकेदार रिकाम्या पाण्यावर येतो, तो होडीवाल्यांकडून जास्त पैसे मागतो आणि भांडण तिथून सुरू होतं.

शेजारच्या मध्य प्रदेशात तवा धरणावर या प्रश्नाचं एक उत्तर मिळालं होतं. होशंगाबाद म्हणजे आताच्या नर्मदापुरम जिल्ह्यात हे धरण आहे. तिथल्या विस्थापित आदिवासींनी लढून १९९६ साली आपल्या 'तवा मत्स्य संघा'साठी पाच वर्षांचा हक्क मिळवला. संघाने स्वतः बीज सोडलं, स्वतः मासळी विकली. २००१ साली मुदत वाढली. २००६ च्या अखेरीस ती संपल्यावर मात्र पुन्हा वाढली नाही. दहा वर्षं चांगलं चाललेलं काम एका मुदतीवर अडलं. मुदतवाढ कोणत्या निकषावर मिळेल हे पहिल्याच दिवशी लिहून घ्यायला हवं, हा त्यातून घ्यायचा धडा.

जीव आधी

२१ मे २०२४ रोजी उजनी धरणात कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. आपल्याकडेही मे-जूनमध्ये वळवाचं वारं असंच अचानक सुटतं. मासेमारीच्या होडीत पाहुणे, लेकरं बसवून पैलतीरावर न्यायची नाहीत. प्रवासी वाहतुकीला वेगळी परवानगी लागते. त्यासाठी २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा आहे. हतनूरसारख्या दरवाजांच्या धरणावर विसर्गाचा भोंगा झाला की होडी काठाला आणायचीच. जीवरक्षक जाकीट नसेल तर होडी सोडायचीच नाही, ही अट संस्थेने स्वतःहून घालावी.

मग करायचं काय?

१. ठेक्याच्या कराराची प्रत संस्थेच्या दप्तरात मागा. वाचता येत नसेल तर शाळेतल्या गुरुजींकडून वाचून घ्या.

२. भरलेल्या प्रत्येक पैशाची पावती घ्या. पावतीवर तारीख, मुदत आणि पैसे कशाचे, हे तिन्ही असू द्या.

३. होडी बांधण्याच्या दोन जागा ठरवा, एक भरल्या धरणाची आणि एक उन्हाळ्याची. दोन्ही लेखी घ्या.

४. गाळपेरीचं वाटप होण्याआधी जलसंपदाच्या शाखा अभियंत्याला अर्ज द्या आणि पाण्यापर्यंत एक बैलगाडीची वाट मोकळी ठेवून मागा.

५. पाणी मृत साठ्याखाली गेलं तर त्या वर्षीच्या रकमेचं काय, याचं कलम करारात घालून मागा. ठेका झाल्यावर हे मागून उपयोग नाही.

६. होडीवर संस्थेचं नाव आणि क्रमांक रंगवा. वाहून गेली तर ओळख पटते, चोरीला गेली तर फिर्याद देता येते.

७. वाद झालाच तर आधी सभेच्या इतिवृत्तात नोंद करा, मग मत्स्यव्यवसाय खात्याकडे आणि सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे लेखी जा. काठावर काठ्या काढून काही मिळत नाही, पोलीस ठाण्याच्या खेपा तेवढ्या वाढतात.

यातलं चौथं काम यंदाच्या दिवाळीआधी करण्यासारखं आहे. गाळपेरवाला आणि होडीवाला दोघेही त्याच धरणाने विस्थापित झालेल्या गावांतले असतात, पुष्कळदा एकाच आळीतले. दोघांनी एकत्र बसून वाट आखली आणि एकाच अर्जावर सह्या केल्या, तर साहेबालाही तो अर्ज बाजूला ठेवणं जड जाईल. दोघांचं भांडण चालू राहिलं, तर लाभ कुणाचा होतो हे तुम्हाला मी सांगायला नको.