पानें मांडल्यावर बदललेला आचारी

आमच्या घराण्यांत फुटबॉल कोणी खेळलेला नाहीं. वडिलांच्या पिढीनें आट्यापाट्या व मलखांब केला, आम्हीं क्रिकेटच्या नादानें परीक्षेचे गुण घालविले. तेव्हां या विषयावर मीं लेखणी उचलावी हें पुष्कळांस चमत्कारिक वाटेल. परंतु गेल्या दिवाळीच्या सुटींत आमच्या चंद्रपूरच्या घरीं असा एक प्रसंग घडला कीं, या खेळाची व विशेषतः त्यांतील एका हंगामाची हकीकत मला नीट समजून घ्यावी लागली, आणि ती वाचकांस सांगितल्यावांचून राहवत नाहीं.

माझे धाकटे बंधू यांचे चिरंजीव जिवती तालुक्यांतील एका शाळेंत तीन वर्षें शिक्षक होते. जिवती म्हणजे आमच्या जिल्ह्याचें अगदीं शेवटचें टोंक. माणिकगडच्या डोंगरावर, तेलंगणाच्या सीमेला लागून वसलेला हा मुलूख कोलाम व गोंड लोकांचा. १९७२ च्या दुष्काळांत मराठवाड्यांतून पोटासाठीं आलेलीं शेंकडों कुटुंबें पुढें तेथेंच स्थायिक झालीं. याच तालुक्यांतील चौदा गांवांवर महाराष्ट्र व तेलंगण हीं दोन्ही राज्यें वर्षानुवर्षें हक्क सांगत आलीं आहेत, व तेथील पुष्कळांच्या घरीं दोन्ही सरकारांचीं कार्डें आहेत. एका घराला दोन धनी असले म्हणजे काय होतें, हें त्या लोकांस विचारावें.

तर अशा ठिकाणीं, एका बाजूस उतार असलेल्या मैदानावर, चिरंजीवांनीं मुलांस फुटबॉल शिकविला. पहिलीं दोन वर्षें मुलें अनवाणीच खेळत. तिसऱ्या वर्षीं संघ तयार झाला, स्पर्धेचा दिवस ठरला, आणि तीन आठवडे आधीं चिरंजीवांची बदली झाली. नव्या शिक्षकांनीं मुलांस स्पर्धेस नेलें. मुलें जिंकलीं. त्या विजयाचें छायाचित्र चिरंजीवांच्या फोनवर आलें. मध्यभागीं नवे शिक्षक होते, व मुलांचे चेहरे हंसरे होते.

त्या रात्रीं ते इटलींतील कोणत्या तरी क्लबाचा सामना पाहत बसले होते. त्या क्लबानें हंगामाच्या मध्यावर आपला मॅनेजर काढून दुसरा नेमला होता, व नव्याच्या हाताखालींही संघ आज जिंके, उद्यां हरे. आमच्या मातोश्री जपाची माळ हातांत घेऊन शेजारीं बसल्या होत्या. हा मॅनेजर म्हणजे कोण, असें त्यांनीं विचारलें. चिरंजीवांनीं सांगितलें कीं, कोणी खेळावें, कोणी कोठें उभें राहावें, चेंडू कसा पुढें न्यावा, हें सारें तो ठरवितो व महिनोन् महिने शिकवितो. मात्र पंचाची शिट्टी झाली कीं तो रेघेबाहेर उभा. मातोश्री क्षणभर थांबून म्हणाल्या, "म्हणजे आचारीच कीं रे! आणि पानें मांडल्यावर आचारी बदलतात होय?"

चिरंजीव हंसले, पण तें हंसणें बरें नव्हतें. "आजी, बदलतात. आणि वाढप करतो त्याचें नांव होतें," एवढें बोलून ते उठून आंत गेले.

इटलीच्या लोकांना या बदलाबदलीचें मोठें वेड आहे खरें. सिसिली बेटावरील पालेर्मो या क्लबाचे धनी मौरीत्सिओ झाम्पारीनी हे तर याबद्दल जगप्रसिद्ध होते; मॅनेजर खाऊन टाकणारा, अशी त्यांची तिकडे ख्यातीच झाली होती. २०१५-१६ च्या हंगामांत त्यांच्या क्लबाची सुरुवात इयाकीनी यांच्या हाताखालीं झाली व शेवट बाल्लार्दीनी यांच्या हाताखालीं. मध्यंतरीं दोघेही काढले गेले, आणि पुन्हां बोलावलेही गेले! त्या देशांत काढलेल्या मॅनेजरचा करार बहुधा चालूच राहतो. पगार द्यावाच लागतो, म्हणून गरज पडली कीं त्यालाच परत बोलावणें स्वस्त पडतें. रुसून माहेरीं गेलेल्या सुनेप्रमाणें हे गृहस्थ जातात आणि येतात. तो क्लब त्या वर्षीं खालच्या श्रेणींत जातां जातां अगदीं शेवटच्या दिवशीं वांचला.

पण इतक्या दूर जाण्याचें कारण नाहीं. आपल्या शेजारच्या गोमंतकांत २०१९-२० सालीं जें घडलें तें याहून विलक्षण आहे. पालेर्मोचा आचारी स्वयंपाक बिघडला म्हणून गेला. गोव्याचा आचारी स्वयंपाक उत्तम चालला असतां गेला.

एफ्.सी. गोवा हा क्लब २०१४ सालीं, इंडियन सुपर लीग या स्पर्धेबरोबरच जन्मास आला. मडगांवनजीक फातोर्डा येथील जवाहरलाल नेहरू क्रीडांगण हें त्याचें घर. पहिलीं तीन वर्षें ब्राझीलचा थोर खेळाडू झिको त्याचा मॅनेजर होता. त्याच्या काळीं २०१५ सालीं संघ अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि आपल्याच मैदानावर चेन्नईच्या संघाकडून ३-२ असा हरला. पुढच्याच वर्षीं तो आठ संघांत शेवटचा आला. त्यानंतर २०१७ च्या उन्हाळ्यांत स्पेनचे सर्जिओ लोबेरा आले.

लोबेरा यांची रीत अशी कीं, चेंडू उंच उडवून दैवावर सोडावयाचा नाहीं. जवळच्या गड्याकडे जमिनीलगत देत देत, प्रतिपक्षाला दमवीत, गोलापर्यंत न्यावयाचा. गोव्याच्या लोकांना ही रीत मनापासून आवडली. तेथें फुटबॉल हा पोर्तुगीज अमदानीपासून गांवोगांवचा खेळ. चर्चपुढच्या पटांगणांत व भात कापलेल्या शेतांत तो चालतो. प्रेक्षक जाणते. पहिल्या वर्षीं संघ तिसरा आला, दुसऱ्या वर्षीं दुसरा. १७ मार्च १९१९ नव्हे, २०१९ — जुन्या शतकाचा आंकडा लिहिण्याची संवय हातास अजून आहे — या दिवशीं मुंबईंत अंतिम सामना झाला, आणि जादा वेळाच्या शेवटीं शेवटीं बंगळूरकडून खेळणाऱ्या राहुल भेके या मुंबईच्याच मुलानें डोक्यानें गोल करून गोव्याच्या हातचा करंडक नेला. पुढल्याच महिन्यांत भुवनेश्वर येथें सुपर कप मात्र गोव्यानें जिंकला.

अशी तीन वर्षांची तपश्चर्या. २०१९-२० च्या हंगामांत स्पर्धेचा नियम थोडा बदलला. पूर्वीं साखळींत पहिल्या येणाऱ्यास वेगळा मान नसे. आतां त्याच्यासाठीं ढाल ठेवण्यांत आली. शिवाय त्या संघास आशियाच्या चॅम्पियन्स लीगच्या गटसामन्यांत थेट प्रवेश मिळणार होता. तोंवर भारतांतील कोणताही क्लब त्या पायरीवर चढलेला नव्हता. दहा संघ, प्रत्येकाचे अठरा सामने. जिंकल्यास तीन गुण, बरोबरीस एक.

गोव्याचा हंगाम चेन्नईवर ३-० अशा विजयानें सुरू झाला. पण तो सरळ रेषेंत गेला नाहीं. पुढील दोन सामने बरोबरींत सुटले. नोव्हेंबरांत जमशेदपूरनें फातोर्ड्यासच ०-१ असें हरविलें. जानेवारींत बंगळूरनें व कोलकात्याच्या संघानें हरविलें. मधूनमधून मात्र गोलांचा पाऊस पडे. स्पेनचा कोरोमिनास, फ्रान्सचा ह्यूगो बूमू, मोरोक्कोचा अहमद जाहू, सेनेगलचा मुर्तदा फॉल आणि त्यांच्या जोडीला ब्रँडन फर्नांडिस, मंदार राव देसाई असे गोमंतकाचे पुत्र. नांवें वाचतांनाच वाटतें कीं हा संघ नसून बंदरावरची धर्मशाळा आहे. पंधरा सामन्यांत नऊ विजय, तीन बरोबरी, तीन पराभव. तीस गुण, आणि संघ सर्वांच्या वर. २९ जानेवारी २०२० रोजीं त्यांनीं ओडिशास ४-२ असें हरविलें.

आणि ३१ जानेवारीस लोबेरा यांना निरोप देण्यांत आला!

कां? व्यवस्थापनाशीं मतभेद झाल्याच्या बातम्या वृत्तपत्रांत आल्या. क्लबानें घरांतलें भांडण चव्हाट्यावर मांडलें नाहीं. याबद्दल मी क्लबास दोष देत नाहीं. मोठ्या एकत्र कुटुंबांत असे प्रसंग होतात, आणि बाहेरच्यानें कोणाची बाजू खरी हें ठरवूं नये. पण वेळेबद्दल बोलण्याचा हक्क बाहेरच्यासही आहे. साखळीचे तीनच सामने उरले होते. अशा वेळीं जो माणूस काढावयाचा, तो दोन महिने आधीं काढावा किंवा दोन महिन्यांनीं, असें मला वाटतें.

रिकाम्या जागीं नेमले गेले ते क्लिफर्ड मिरांडा. हे गोव्याचेच. डेंपो क्लबाकडून पुष्कळ वर्षें व भारताकडूनही खेळलेले, आणि आतां याच क्लबांत तरुण गड्यांस शिकविणारे. नेमणूक हंगामी. या 'हंगामी' शब्दाची चव ज्यांनीं नोकरी केली आहे त्यांस सांगावयास नको. जिंकलें तर मागच्याची पुण्याई, हरलें तर याचा नाकर्तेपणा, दोन्हीकडून तोटाच.

मिरांडा यांनीं कांहीं नवें तंत्र काढल्याचें दिसलें नाहीं. गडी तेच, रीत तीच. ५ फेब्रुवारीस हैदराबादवर ४-१. १२ फेब्रुवारीस मुंबईवर ५-२. १९ फेब्रुवारीस जमशेदपूरला जाऊन ५-०. म्हणजे ज्यांनीं घरीं येऊन हरविलें होतें त्यांच्या घरीं जाऊन. तीन सामन्यांत चौदा गोल! एकूण एकोणचाळीस गुण आणि शेहेचाळीस गोल. ढाल गोव्यास आली, आणि आशियाच्या त्या पायरीवर चढणारा पहिला भारतीय क्लब म्हणून गोव्याचें नांव लागलें.

येथवर ऐकून मातोश्री म्हणाल्या, "म्हणजे पंगत छान उठली." मीं म्हटलें, "थांब, अजून ताकभात राहिला आहे."

पहिल्या चार संघांत करंडकासाठीं त्या वेळीं पुन्हां सामने असत. २९ फेब्रुवारीस चेन्नईंत गोव्याचा ४-१ असा पाडाव झाला. परतीचा सामना ७ मार्च रोजीं फातोर्ड्यास. पहिल्या वीस-बावीस मिनिटांतच गोव्याच्या नांवावर दोन गोल लागले. आणखी एक झाला असता तर दोघांची बरोबरी होती. पण उत्तरार्धांत चेन्नईनें लागोपाठ दोन गोल करून सारें पाणी फिरविलें. तरी गोवेकरांनीं हात टेकले नाहींत. ऐंशी मिनिटें उलटत असतां त्यांनीं पुन्हां दोन केले. सामना ४-२ असा जिंकला, आणि एकूण ६-५ असा गमावला. पुढें अंतिम सामना त्याच फातोर्ड्यास झाला तो १४ मार्चला, कोरोनाच्या भीतीमुळें रिकाम्या मैदानावर. त्यांत गोवा नव्हताच.

आतां कोणी म्हणेल, लोबेरा असते तर चेन्नईंत चार गोल खाल्ले नसते. कोणी म्हणेल, ढाल तरी मिरांडांमुळें मिळाली. दोन्ही तर्क आरामखुर्चींतले. एक गोष्ट मात्र घडलेली आहे, ती सांगतों. लोबेरा त्याच वर्षीं मुंबईच्या संघाकडे गेले, आणि बूमू, जाहू, फॉल व मंदार राव देसाई हेही मुंबईस गेले. कोरोनामुळें २०२०-२१ चे सगळे सामने गोव्यांतच झाले. उपांत्य फेरींत मुंबईची गांठ गोव्याशींच पडली. दोन्ही सामने बरोबरींत सुटल्यावर पेनल्टींवर मुंबई ६-५ अशी तरली. आणि १३ मार्च २०२१ रोजीं फातोर्ड्याच्या त्याच मैदानावर लोबेरांच्या मुंबईनें करंडक जिंकला. ढालही त्याच वर्षीं मुंबईचीच. गोवेकरांना तो दिवस कसा गेला असेल!

गोव्यानेंही अब्रू राखली. लोबेरांच्या जागीं आलेले स्पेनचेच हुआन फेरांदो यांच्या हाताखालीं एप्रिल २०२१ मध्यें संघ आशियाच्या स्पर्धेंत उतरला आणि कतारच्या अल्-रय्यानला ०-० असें रोखलें. त्या संघाचे मॅनेजर होते फ्रान्सचे जगज्जेते खेळाडू लोराँ ब्लाँ. पण फेरांदो यांनींही डिसेंबर २०२१ मध्यें हंगाम अर्ध्यावर टाकून कोलकात्याची वाट धरली. या वेळीं आचारी स्वतःच झारा टाकून शेजारच्या लग्नघरीं गेला! गोव्याचेच डेरिक परेरा यांनीं सूत्रें घेतलीं. परंतु या खेपेस भाताची शितें जुळलीं नाहींत. अकरा संघांत नववा क्रमांक, वीस सामन्यांत एकोणीस गुण. शेवटचा सामना केरळशीं ४-४ असा सुटला, यावरून त्या हंगामाचें रूप ध्यानांत येईल. मडक्यांत रसद मुबलक, पण झांकण कोठेंच बसत नव्हतें. दोन्ही वेळां घरच्याच माणसाला मध्येंच पुढें केलें. एकदां साधलें, एकदां नाहीं. पहिल्यांदां तीन सामन्यांचेंच काम होतें व संघ भरांत होता, हा फरक मला मोठा वाटतो.

हें सारें मीं दुसऱ्या दिवशीं जेवणानंतर चिरंजीवांना सांगितलें. त्यांना बहुतेक ठाऊक होतें. लोबेरांची बाजू ते तावातावानें मांडूं लागले. मग मीं शेवटची गोष्ट काढली. २०२३ सालीं ओडिशाच्या संघानें आपल्या स्पॅनिश मॅनेजरला निरोप दिला, आणि पुन्हां एकदां हंगामी म्हणून जागा भरली ती याच क्लिफर्ड मिरांडा यांनीं. एप्रिलांत कोळिकोड येथें त्यांनीं बंगळूरला २-१ असें हरवून सुपर कप जिंकला. आणि त्यानंतर ओडिशानें कायमचे मॅनेजर म्हणून कोणास नेमलें? सर्जिओ लोबेरा यांना.

चिरंजीव बराच वेळ गप्प होते. नंतर लोबेरांविषयीं कांहींच न बोलतां त्यांनीं विचारलें, "काका, मिरांडांना ते पोरगे आधीं ओळखत होते ना?"

"एकाच क्लबांत होते. ओळखत असणारच."

"आमच्या नव्या गुरुजींना कोणी सांगितलेलेंही नसेल," ते म्हणाले. मग त्यांनीं मातोश्रींच्या खोलींतून वही मागून आणली आणि जिवतीच्या मुलांचीं नांवें लिहावयास बसले: कोणता मुलगा डाव्या पायानें मारतो, कोणाला पावसाळ्यांत दमा होतो, कोणाला रागावलें कीं तो दोन दिवस येत नाहीं, गोलरक्षकाची आई बाजाराच्या दिवशींच शाळेंत भेटते. चार पानें झालीं. संध्याकाळीं त्यांनीं तीं पानें फोनवरून नव्या शिक्षकांस पाठविलीं, आणि डोंगरावर निरोप पोंचला कीं नाहीं हें पाहण्यासाठीं रात्रीं दोनदां उठले.