नाण्यांवरची गाडीधुलाई: भांडवल, पाणी आणि श्रम

अमेरिकेतील बहुतेक लहान शहरांच्या हमरस्त्यालगत, पेट्रोलपंपाच्या किंवा टायरच्या दुकानाच्या शेजारी, दोन्ही टोकांना उघड्या असलेल्या चार-सहा गाळ्यांची एक बैठी इमारत आढळते. गाळ्यात गाडी उभी करायची, भिंतीवरील पेटीत नाणी टाकायची किंवा कार्ड लावायचे, गोल खटका फिरवून साबण, फेसाचा ब्रश, साधे पाणी किंवा मेण यांपैकी हवे ते निवडायचे आणि पेटीतील घड्याळ शून्यावर येईपर्यंत गाडी स्वतःच्या हातांनी धुवायची, असा हा व्यवहार असून त्याला ‘सेल्फ-सर्व्ह कार वॉश’ म्हणतात. पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांत महिन्याच्या ठरावीक पैशांत रोज सकाळी गाडी पुसून देणारा माणूस मिळतो. जेथे मजुरी महाग आहे आणि घरटी एक-दोन गाड्या आहेत, तेथे ते श्रम ग्राहकाकडूनच करवून घेणारी ही सोय १९६०च्या दशकापासून रुजली. नोकरदाराला अशी जागा विकत घेण्याचा मोह होतो, कारण विक्रीच्या जाहिरातींत तिचे वर्णन ‘नोकर नाहीत, उधारी नाही, मालकाने हजर राहण्याची गरज नाही’ असे केलेले असते. यांतील पहिली दोन विधाने बऱ्याच अंशी खरी आहेत. तिसरे मात्र बहुतांश जागांबाबत खोटे ठरते, आणि किमतीचा सारा हिशेब त्याच विधानावर उभा असतो.

या धंद्याचे हृदय गाळ्यांत नसून त्यांच्या मधोमध किंवा मागे असलेल्या यंत्रखोलीत असते. तेथे प्रत्येक गाळ्यासाठी एक दाबपंप असतो आणि तो साधारणपणे दर चौरस इंचाला १,००० ते १,२०० पौंड इतक्या दाबाने, मिनिटाला ३ ते ४ गॅलन, म्हणजे सुमारे ११ ते १५ लिटर पाणी ग्राहकाच्या हातातील फवाऱ्याच्या गनपर्यंत पोहोचवतो. त्याच खोलीत साबण आणि मेणाचे द्रावण मिसळणारे छोटे पंप, पाण्यातील क्षार काढणारे संयंत्र आणि शेवटच्या धुण्यासाठी आर.ओ. पद्धतीने पाणी शुद्ध करणारे यंत्र असते, कारण क्षारयुक्त पाणी काचेवर आणि रंगावर वाळले की पांढरे डाग राहतात. गाळ्याच्या जमिनीत जाळीखाली एक खड्डा असतो; त्यात चिखल, वाळू आणि तेल अडते आणि उरलेले पाणी सांडपाण्याच्या वाहिनीत जाते.

पाण्याचे हे मोजमाप ग्राहकापेक्षा खरेदीदाराला अधिक उपयोगी पडते. धंदा रोखीचा असल्याने विक्रेत्याने दाखवलेली वही खरी की फुगवलेली, हे वहीवरून कळत नाही. करविवरणात कमी उत्पन्न दाखवून ‘खरे उत्पन्न याहून बरेच जास्त आहे’ असे तोंडी सांगणाऱ्याचे म्हणणे तर किमतीत धरूच नये. पालिकेचे पाण्याचे मीटर मात्र विक्रेत्याच्या हातात नसते. समजा, चार गाळ्यांतून महिन्याला ६,००० डॉलर येतात असा दावा आहे आणि दरपत्रक पाहता एक ग्राहक सरासरी ८ डॉलर खर्च करतो, तर महिन्याला ७५० गाड्या धुतल्या गेल्या पाहिजेत. एका गाडीला अंदाजे ६० लिटर पाणी धरले, तर मीटरवर किमान ४५,००० लिटर दिसले पाहिजेत. बिलात २०,००० लिटरच दिसत असतील, तर दाव्यातील अर्ध्याहून अधिक रक्कम कागदावरचीच आहे. हिशेब करताना आर.ओ. यंत्रातून वाया जाणारे आणि हिवाळ्यात वाहते ठेवावे लागणारे पाणी वजा केले पाहिजे आणि पाणी न वापरणाऱ्या व्हॅक्यूम यंत्रांची कमाई वेगळी धरली पाहिजे, हे खरे. तरीही सलग ३६ महिन्यांची पाणी आणि विजेची बिले शेजारी-शेजारी ठेवली, तर धंद्याचा खरा आकार पुरेसा स्पष्ट होतो.

मालकाच्या श्रमांचा हिशेब याहून क्वचित केला जातो. अमेरिकेतील २५ सेंटचे नाणे, म्हणजे ‘क्वार्टर’, ५.६७ ग्रॅम वजनाचे असते. १,००० डॉलरचा गल्ला नाण्यांत जमला, तर तो ४,००० नाण्यांचा आणि साडेबावीस किलोंहून अधिक वजनाचा होतो, आणि तो कोणाला तरी उघडावा, मोजावा, उचलावा लागतो. कार्डामुळे हे ओझे कमी झाले असले, तरी गनमधून गळणारे पाणी, तुटलेला ब्रश, अडकलेली नोट, कोणी आणून टाकलेला घरचा कचरा आणि चिखलाने भरलेला खड्डा या गोष्टी कार्डाने सुटत नाहीत. चिखलाने माखलेल्या गाड्या घेऊन येणारे ग्राहक हेच या धंद्याचे खात्रीचे गिऱ्हाईक असल्याने गाळ तर अटळच असतो. न्यू जर्सी किंवा ओहायोसारख्या राज्यांत थंडीची आणखी भर पडते: गाळ्याच्या काँक्रीटमध्ये कोमट द्रव फिरवून जमीन तापवावी लागते आणि नळ्या गोठू नयेत म्हणून गनमधून पाण्याची बारीक धार सतत चालू ठेवावी लागते. बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यांवर टाकलेले मीठ पत्रा खाते, त्यामुळे हिमवृष्टीनंतरच्या पहिल्या उबदार दिवशी गाळ्यांसमोर रांग लागते. नेमक्या त्याच दिवशी पंप बंद पडलेला असणे परवडत नाही.

जमिनीचा प्रश्न वेगळाच आहे. १९८० च्या ‘सुपरफंड’ कायद्यानुसार प्रदूषित जागा साफ करण्याचा खर्च, प्रदूषण पूर्वीच्या मालकाने केलेले असले तरी, सध्याच्या मालकावर येऊ शकतो. खरेदीपूर्वी जागेच्या जुन्या वापराची रीतसर तपासणी, म्हणजे ‘फेज वन’ अहवाल, करून घेणे हा कायदेशीर संरक्षणाचा आवश्यक भाग आहे. त्यावर होणाऱ्या खर्चात कपात करणे हा निव्वळ अविचार होय.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी नोकरदाराने सर्वाधिक विचार करावा, असा मुद्दा कर आणि व्हिसा यांच्या सांध्यावर आहे. तेथील करव्यवस्थेत इतर व्यापारी इमारतींचा घसारा ३९ वर्षांत विभागला जातो, पण गाडीधुलाईची इमारत १५ वर्षांच्या वर्गात मोडते आणि जुलै २०२५ च्या कायद्यानंतर अशा मालमत्तेचा संपूर्ण घसारा पहिल्याच वर्षी घेता येतो. घसाऱ्यातून दिसणारा हा तोटा पगारातून वजा करता येईल, असे दलाल सांगतो. ते धंद्यात स्वतः भरीव सहभाग असेल तरच शक्य असते आणि सहभागाच्या सात कसोट्यांपैकी सर्वपरिचित कसोटी वर्षाला ५०० तासांहून अधिक कामाची, म्हणजे आठवड्याला सुमारे दहा तासांची आहे. म्हणजेच जो धंदा श्रमाविना उत्पन्न म्हणून विकला जातो, त्याचा करलाभ श्रम करणाऱ्यालाच मिळतो. एच-१बी व्हिसावरील व्यक्ती असा धंदा विकत घेऊ शकते, पण परवानगीशिवाय तेथे काम करू शकत नाही. करविभागासमोर ५०० तास सिद्ध करणारी नोंदवही स्थलांतर खात्यासमोर तिच्याच विरुद्ध पुरावा ठरू शकते. पती किंवा पत्नीला काम करण्याचा परवाना असेल, तर मार्ग निघतो, कारण जोडीदाराचे तासही सहभागात धरले जातात. गुंतवणुकीतून निवासाचा हक्क मिळवण्याची आशा मात्र येथे ठेवू नये: ई-२ हा गुंतवणूकदार व्हिसा भारतीय नागरिकांना उपलब्ध नाही आणि ईबी-५ साठी लागणाऱ्या दहा पूर्णवेळ नोकऱ्या नोकरांविना चालणाऱ्या या धंद्यात निर्माणच होत नाहीत.

स्पर्धेविषयी थोडक्यात. सरकत्या पट्ट्यावरून गाडी नेऊन तीन-चार मिनिटांत धुणारी ‘टनेल’ केंद्रे मासिक वर्गणीत हव्या तितक्या वेळा धुलाई देतात. त्यांतील ‘मिस्टर कार वॉश’ ही कंपनी जून २०२१ मध्ये न्यूयॉर्क शेअर बाजारात आली, तर ‘झिप्स’ने फेब्रुवारी २०२५ मध्ये दिवाळखोरी संरक्षणासाठी अर्ज केला. रोजची मोटार टनेलकडे वळते; चिखलाने माखलेला पिकअप ट्रक, बोट, ट्रेलर, मोटारसायकल आणि रंगाला फिरता ब्रश लागू न देणारा शौकीन गाळ्याकडेच येतो. म्हणून दाट वस्तीच्या उपनगरापेक्षा शेती, बांधकाम किंवा मासेमारीच्या परिसरातील जुनी, सुस्थितीतील जागा अधिक सुरक्षित समजावी.

बोली लावण्यापूर्वी खरेदीदाराने तीन वर्षांची करविवरणे आणि तितक्याच काळाची पाण्याची बिले लेखी मागावीत, आठवड्याचे दहा तास घरातील कोण देणार हे ठरवावे आणि व्हिसावर असल्यास दलालाआधी स्थलांतर कायद्याच्या वकिलाला भेटावे. विक्रेता बिले द्यायला कां-कूं करू लागला, तर ती जागा सोडून द्यावी.