कॅमेऱ्यासमोर बसण्याआधी

गेल्या महिन्यात एका वाचक भगिनीचे पत्र आले. मुलगी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि तिने घरात जाहीर केले आहे की तिला टीव्हीवर निवेदिका व्हायचे आहे. अब्बू गप्प आहेत. दादीचा एकच सवाल, लोक काय म्हणतील? आईला हो म्हणावे की नको, ते कळत नाही. अशी पत्रे आता अधूनमधून येतात, म्हणून या वेळी हाच विषय घेतला आहे.

पहिली गोष्ट ही, की ही वाट नवी नाही. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले आणि त्याच वर्षी तबस्सुम यांचा ‘फूल खिले हैं गुलशन गुलशन’ हा मुलाखतींचा कार्यक्रम सुरू झाला. तो 1993 पर्यंत, म्हणजे 21 वर्षे चालला. तेव्हा त्या तिशीच्याही आतल्या होत्या, पण नवख्या मुळीच नव्हत्या. बालकलाकार म्हणून सिनेमात आणि रेडिओवर त्यांची जीभ लहानपणीच तयार झाली होती. सलमा सुलतान 1967 पासून तीस वर्षे दूरदर्शनवर बातम्या वाचत होत्या. 31 ऑक्टोबर 1984 च्या संध्याकाळी इंदिरा गांधींच्या हत्येची बातमी त्यांनीच देशाला सांगितली. तो संयत आवाज आमच्या पिढीतल्या पुष्कळांना आजही आठवतो. पुढे त्यांनी मालिकाही दिग्दर्शित केल्या.

दुसरी गोष्ट, काम नेमके काय असते? घरात बसून आपल्याला दिसतो तो चेहरा, मेकअप आणि दिवे. पण वृत्तवाहिनीत चेहरा सर्वांत शेवटी येतो. बहुतेक जण आधी डेस्कवर असतात. आलेली बातमी चार ओळींत लिहायची, चित्रफितीला आवाज द्यायचा, कधी हातात माईक घेऊन रस्त्यावर उभे राहायचे. स्टुडिओत बसल्यावर समोरच्या टेलिप्रॉम्प्टरवर मजकूर सरकत असतो आणि कानातल्या यंत्रातून निर्माता एकसारख्या सूचना देत असतो: पाहुणा अजून जोडला गेला नाही, तीस सेकंद ओढा, ही बातमी सोडा, पुढची घ्या. ते ऐकत ऐकत, चेहऱ्यावर काही न दाखवता बोलत राहायचे. प्रॉम्प्टर बंद पडला तर हातातल्या कागदावर भिस्त, आणि कागदही नसेल तर डोक्यात काय आहे त्यावर. म्हणून रोज वर्तमानपत्र न वाचणाऱ्या मुलाने किंवा मुलीने या वाटेला जाऊ नये, असे आम्ही स्पष्टच सांगतो.

तिसरी गोष्ट भाषेची. आपल्या अनेक घरांत दखनी बोलली जाते, कोकणात कोकणी. याचा फायदाही आहे. उर्दू, हिंदी नावे आणि शब्द आपल्या मुलांच्या तोंडून सहज, शुद्ध येतात. पण ‘ळ’ आणि ‘ण’ इथे जीभ अडते. ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘जग’ म्हणजे जिवंत राहा, यांतले दोन वेगळे ‘ज’. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतले दोन वेगळे ‘च’. हे कानाने शिकावे लागते. रोज अर्धा तास मोठ्याने वाचावे, मोबाईलवर ध्वनिमुद्रण करावे आणि चांगले मराठी बोलणाऱ्या कोणाला तरी ऐकवावे. त्याला एक रुपयाही लागत नाही.

आमच्या ओळखीची सोलापूरकडची एक मुलगी आहे. पहिल्या चाचणीत तिला उच्चारांवरून नाकारले. शेजारच्या निवृत्त शिक्षिकाबाईंकडे ती आठ महिने रोज संध्याकाळी बसली. दुसऱ्या ठिकाणी चाचणी चांगली झाली, तेव्हा समोरच्या साहेबांनी विचारले, “तुमचे मराठी इतके चांगले कसे?” हा प्रश्न आपल्यापैकी कोणाला विचारला गेला नाही! ती म्हणाली, “सर, ती आमचीच भाषा आहे.” नोकरी मिळाली. पहिली दोन वर्षे पडद्यावर तिला फक्त रमजान आणि ईदला बसवत. तिने भांडण केले नाही. पाऊस, पीकविमा, अर्थसंकल्प या बातम्या डेस्कवर मन लावून लिहीत राहिली आणि दर काही महिन्यांनी शांतपणे मागणी करत राहिली. आज ती दुपारचे बातमीपत्र वाचते. दादी ते टीव्हीसमोर बसून पाहतात आणि ओढणी सरकली की लगेच फोन करतात.

हिजाबचा प्रश्नही पत्रांत असतो. ब्रिटनमध्ये फातिमा मांजी यांनी 2016 मध्ये चॅनल फोरवर हिजाब घालून बातम्या दिल्या. त्याच वर्षी कॅनडात जिनेला मासा यांनी टोरोंटोत तेच केले. मांजी यांच्यावर एका वृत्तपत्रातून टीका झाली. त्यांनी तक्रार केली, ती फेटाळली गेली, पण त्यांचे काम थांबले नाही. प्रत्येक वाहिनीची रीत वेगळी असते. म्हणून हे नोकरी घेण्यापूर्वी विचारून घ्यावे, नंतर वाद नको.

शिक्षणासाठी पुण्याचे रानडे इन्स्टिट्यूट, भारतीय जनसंचार संस्थेचे अमरावती केंद्र, दिल्लीत जामिया मिल्लियाचे जनसंचार केंद्र अशा संस्था आहेत. आकाशवाणीची केंद्रे नैमित्तिक निवेदकांसाठी वेळोवेळी आवाजाची चाचणी घेतात. पहिले पाऊल टाकायला ती जागा उत्तम. मात्र ‘पैसे भरा, टीव्हीवर आणतो’ म्हणणाऱ्यांपासून चार हात दूर राहा. नोकरी देणारा कधी पैसे मागत नाही.

आता घरच्यांसाठी. या क्षेत्रात नोकरी बहुधा करारावर असते, सुरुवातीचा पगार बेताचा असतो, पाळी पहाटेची किंवा रात्रीची येते. रात्री घरी सोडायला गाडी मिळते का, तक्रार करायची तर कोणाकडे, हे आईवडिलांनी जरूर विचारावे. त्यात लाजण्यासारखे काही नाही. समाजमाध्यमांवर नावावरून घाणेरडे शेरेही येतात. मुलगी ते वाचून घरी येईल, त्या रात्री तिला ‘आम्ही आधीच सांगितले होते’ हे वाक्य ऐकू येऊ नये.

पत्र पाठवणाऱ्या भगिनीला आमचे म्हणणे एवढेच: आधी पदवी पूर्ण होऊ द्या. मग एक वर्ष द्या, त्यात तिने एक अभ्यासक्रम आणि एक रेडिओ चाचणी द्यावी. वर्षअखेर सगळ्यांनी मिळून बसावे आणि ठरवावे. तोवर रोज संध्याकाळी अर्धा तास तिचे वाचन अब्बूंनी ऐकावे. त्यांचे गप्प राहणे तिथेच सुटेल, इन्शाअल्लाह. पुढे काय झाले, ते आम्हाला जरूर कळवा. आणि दादींना आमचा सलाम सांगा.