पिवळ्या फुलांची पारख : मोहरी, तिळवण आणि पिवळा धोत्रा

किसा गोतमीच्या कथेतील चिमूटभर मोहरी आपणा सर्वांस परिचित आहे. पालि अट्ठकथेत या दाण्यांना ‘सिद्धत्थक’ म्हणजे पांढरी मोहरी म्हटले आहे. मोहरी सर्वसाधारणपणे ‘सासप’ होय. संस्कृतातील ‘सर्षप’ हे त्याचेच भावंड. सिंधू संस्कृतीतील चन्हुदडो येथील उत्खननातही मोहरीचे दाणे सापडले आहेत. म्हणजे या भूमीतील माणूस चार-साडेचार हजार वर्षांपासून हे दाणे ओळखतो आहे. गोतमीला दारोदार मागता यावी इतकी मोहरी सर्वसामान्यांच्या घरची वस्तू होती. असे असूनही शेताच्या बांधावर पिवळे फूल दिसले की ‘ही रानमोहरी’ असे सहज म्हटले जाते आणि तेथेच चूक होते.

‘रानमोहरी’ हे नाव एका वनस्पतीचे नाही. इंग्रजी पुस्तकांतील ‘वाइल्ड मस्टर्ड’ म्हणजे युरोपातील शेतांत वाढणारे सिनॅपिस आर्वेन्सिस हे तण. परंतु आपल्याकडे ज्या झाडाला हेच इंग्रजी नाव दिले जाते ते वेगळे आहे. ते म्हणजे पिवळी तिळवण, शास्त्रीय नाव क्लिओम व्हिस्कोसा. परकीय पुस्तकातील चित्राशी आपल्या बांधावरील झाड ताडून पाहिल्यास दोहोंचा मेळ बसत नाही, याचे कारण हेच. इतिहासाच्या अभ्यासकाला एक गोष्ट ठाऊक असते : नाव हा पुरावा नव्हे. पुरावा प्रत्यक्ष वस्तूत शोधावा लागतो. वनस्पतीच्या बाबतीत तो फूल, पान, शेंग आणि बी यांत असतो.

प्रथम खरी मोहरी पाहू. ती रब्बीचे पीक आहे, फुलते हिवाळ्यात. तिच्या फुलाला चार पाकळ्या असून त्या अधिक चिन्हासारख्या समोरासमोर असतात. पाकळ्यांच्या आत सहा पुंकेसर असतात, त्यांपैकी चार लांब आणि दोन आखूड. ही मोहरीच्या कुळाची सर्वांत विश्वासार्ह खूण होय. पान साधे असते, खालची पाने खोलवर कातरलेली. शेंग बारीक असून तिच्यात मधोमध पातळ पडदा असतो.

पिवळी तिळवण पावसाळ्यात उगवते. पडीक जमीन, रस्त्याची कड, भिंतीचा पाया, कोठेही. तिच्याही फुलाला चार पिवळ्या पाकळ्या असतात. परंतु त्या चारही दिशांना न पसरता पंख्यासारख्या एका बाजूला वळलेल्या असतात. पुंकेसर मोजले तर सहा नव्हे, दहा, पंधरा किंवा त्याहूनही अधिक भरतात. पान एका देठावर तीन ते पाच पर्णिकांचे असते. संपूर्ण झाडावर चिकट लव असते आणि त्याला उग्र वास येतो. ‘व्हिस्कोसा’ म्हणजेच चिकट. शेंग लांब, उभी, लवदार व रेघांची असते आणि तिच्यात मोहरीसारखा मधला पडदा नसतो. तिळवण मोहरीच्या जवळच्या नात्यातील असल्याने साम्य वाटणे स्वाभाविक आहे. उत्तराखंडातील गढवालमध्ये तिचे दाणे ‘जख्या’ या नावाने फोडणीत घालतात. तिच्या पानांचा रस मात्र त्वचेला दाह करू शकतो. म्हणून कान दुखतो म्हणून तो कानात पिळण्याचा घरगुती उपाय वैद्यकीय सल्ल्यावाचून करू नये.

तिसरी वनस्पती नात्याने मोहरीपासून दूरची, पण धोक्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे : पिवळा धोत्रा. नावात धोत्रा असला तरी तो अफूच्या कुळातील आहे. आर्जिमोन मेक्सिकाना हे त्याचे नावच त्याचे मूळ गाव सांगते. अमेरिका खंडातून आलेले हे झाड आज महाराष्ट्रात नदीकाठी, पडीक रानात आणि रब्बीच्या शेतांतही दिसते. त्याची पाने काटेरी असून शिरांवर पांढुरकी छटा असते. फूल मोठे, चार ते सहा पाकळ्यांचे, पुंकेसर असंख्य. फळ म्हणजे काटेरी बोंड. देठ मोडताच पिवळा चीक येतो. मोहरीला किंवा तिळवणीला असा चीक नसतो. उभे झाड ओळखण्यास ही एक खूण पुरेशी आहे.

अडचण झाडाची नाही, बियांची आहे. पिवळ्या धोत्र्याचे बी काळसर आणि मोहरीएवढेच असते. मोहरीच्या शेतात तण म्हणून वाढलेल्या धोत्र्याचे बी कापणीच्या वेळी मिसळते. कधी नफ्यासाठी ते हेतुपुरस्सर मिसळले जाते. त्यातील सँग्विनरिन हे विषारी द्रव्य तेलात उतरते. त्यामुळे दोन्ही पाय सुजतात, धाप लागते, हृदय दुर्बळ होते आणि डोळ्यांत काचबिंदू होऊ शकतो. १८७७ साली कोलकात्यात या आजाराची साथ नोंदली गेली. पुढे कित्येक वर्षे वैद्यकतज्ज्ञांना तो बेरीबेरीचाच प्रकार वाटत होता आणि दोष तांदळाला दिला जात होता. विसाव्या शतकात संशोधनाने खरा गुन्हेगार दाखवून दिला. तरीही १९९८ साली दिल्लीत भेसळयुक्त मोहरीच्या तेलाने सुमारे साठ जणांचा बळी घेतला आणि तीन हजारांच्या आसपास लोक रुग्णालयात दाखल झाले. त्याच वर्षी केंद्र शासनाने खाद्यतेल बंद वेष्टनातच विकण्याचा आदेश काढला. कारण उघड होते. सुटे तेल पाव किलो, अर्धा किलो असे घेणारा कोण, तर रोजंदारीवर जगणारा माणूस. अशी भेसळ प्रथम त्याच्याच ताटात पोहोचते.

म्हणून ही पारख केवळ वनस्पतिशास्त्राच्या तासापुरती नाही. ती वसतिगृहाच्या स्वयंपाकघरातही उपयोगी पडते. मोहरीचे दाणे पांढऱ्या कागदावर पसरावेत. मोहरी गुळगुळीत दिसते. धोत्र्याचे बी खरखरीत, काळपट असते. संशयित दाणा नखाने दाबावा : मोहरी आतून पिवळी निघते, धोत्रा पांढरा. दाणे चाखून परीक्षा घेऊ नये. सुटे तेल टाळावे. तेलाविषयी शंका आल्यास ते वापरणे थांबवून अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करावी. तेलाची निश्चित परीक्षा प्रयोगशाळेतच होते.

विद्यार्थी मित्रांनो, ‘लोक म्हणतात’ यावर न विसंबता पुंकेसर मोजावे, देठ मोडून पाहावा, दाणा फोडून पाहावा. बाबासाहेबांनी आपल्याला शिका असे सांगितले. पाहणे आणि तपासणे हे त्या शिकण्याचे पहिले पाऊल आहे. आपल्या आईने बाजारातून आणलेली मोहरी निवडून देण्याइतके ज्ञान ज्याला मिळाले, त्याच्या शिक्षणाचा घराला उपयोग झाला असे म्हणता येईल.